पोळपाटावरचा इन्व्हर्टर

आमचा जावई धडधाकट आहे, हे आधीच सांगून टाकते. परवाच येऊन दोन वाट्या तांबडा रस्सा पिऊन गेला. आधी सांगायचं कारण, पुढचं वाचताना कुणाचा जीव उगाच टांगणीला लागू नये. माझा लागला होता तेवढा पुरे. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना, त्यात जेवायला बोलावलेला जावई, आणि त्याला मी खांबावर मारलाच होता जवळजवळ. मी, त्याच्या सख्ख्या सासूनं. आणि ते कशासाठी, तर त्याला पंख्याचं वारं मिळावं म्हणून.

याचं मूळ माझ्या पोळपाटात आहे. पोळपाट माझा, पळवला आमच्या ह्यांनी.

हे कोल्हापुरात एका गॅरेजमध्ये गाड्यांची वायरिंग करायचे. आमचं गाव गगनबावड्याच्या रस्त्याला, घर गल्लीच्या अगदी टोकाला, पुढं नुसता ऊस. पावसाळ्यात आमच्याकडं लाईटचा काही भरवसा नाही. दुपारी गेली तर दुसऱ्या दिवशी दुपारीही यायची नाही. लोक मेणबत्त्या आणतात, आमचे हे बॅटऱ्या आणायचे. गाडी सुरू होत नाही म्हणून गिऱ्हाइकानं टाकून दिलेली बॅटरी सायकलच्या कॅरेजला बांधून घरी. ओसरीवर एका ओळीत चार जणी मांडून ठेवलेल्या.

"भंगारानं घर भरलंसा," मी म्हणायची.

"अगं, गाडी उठवायला एकदम दणका लागतोय, तेवढा हिच्यात ऱ्हायला न्हाय. पन बल्ब पेटवायला दणका कुठं लागतोय? हिला दमानं चालीव, चालती की बिचारी."

बिचारी म्हणे! तीस वर्षांच्या संसारात माझ्याबद्दल कधी इतक्या मायेनं बोलले नाहीत.

आता बॅटरीतला करंट बारा व्होल्टचा, सरळ एका दिशेनं जाणारा. घरातल्या पंख्याला लागतो दोनशे तीसचा, सारखी दिशा बदलणारा. मध्ये कुणीतरी तो बदलून द्यावा लागतो, ते काम इन्व्हर्टरचं. दुकानात मिळतो, पण ह्यांना विकतचं काही पटेल तर शपथ. मोडक्या स्टॅबिलायझरमधला ट्रान्सफॉर्मर काढला, त्याची तार उलगडली आणि आपल्या हिशेबानं पुन्हा हातानं गुंडाळायला बसले. वेढे मोजायचं काम माझ्याकडं. मी मेथी निवडत मोजत होते. मध्येच बहिणीचा फोन आला आणि माझा आकडा चुकला. सगळी तार परत उलगडली ह्यांनी, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दोन दिवस घरात काय शांतता होती म्हणून सांगू!

मग हे सगळं बसवायला खाली लाकूड पाहिजे झालं. माझा शिसवी पोळपाट, माहेरून आणलेला. मी डेअरीत दूध घालायला गेले आणि आले तर त्याला आठ भोकं, वर ट्रान्सफॉर्मर, बाजूला पत्र्याच्या पट्टीवर बसवलेल्या त्या काळ्या काळ्या कसल्या चकत्या. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, "थांब, आधी पंखा बघ." आणि खरंच, सगळ्या गल्लीत अंधार असताना आमचा पंखा फिरायला लागला. घुंऽऽ असा एकच सूर धरून. विकतचा इन्व्हर्टर गप चालतो म्हणतात. आमच्याचा आवाज दारातल्या माणसालाही ऐकू यायचा. पण फिरत होता की! गल्लीतल्या बायका बघायला आल्या, तेव्हा मी पोळपाटाचं दुःख गिळलं आणि "आमच्या ह्यांनी केला" म्हणून सांगत बसले. बॅटरीच्या अॅसिडनं माझ्या तीन साड्यांना भोकं पडली ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

घरभर वेगळी वायर ओढायचा कंटाळा म्हणून ह्यांनी एक सोपी युक्ती काढली. दोन्ही टोकांना पिन असलेली एक वायर केली. एक टोक इन्व्हर्टरमध्ये, दुसरं सोप्यातल्या, म्हणजे पुढच्या खोलीतल्या, प्लगमध्ये. म्हणजे जिथून आपण लाईट घेतो, तिथूनच घरात लाईट सोडायची. पंखा, बल्ब सगळं नेहमीच्या बटणावर चालू. पण त्याआधी मीटरशेजारची चिनी मातीची ग्रिप, म्हणजे फ्यूज, उपसायची आणि स्वतःच्या खिशात घालायची. लाईट आली की वायर काढायची आणि मगच ग्रिप जागेवर. हा ह्यांचा नियम. खिशात का, तर दुसऱ्या कुणी बसवू नये म्हणून. एकदा ती ग्रिप खिशात ठेवून हे शेजारच्या गावाला तेराव्याला गेले आणि मी लाईट असून अंधारात बसले, त्याचं भांडण वेगळं.

मी एकदा विचारलंही होतं, ग्रिप कशाला काढता म्हणून.

"मधीच लाईट आली तर माझा इन्व्हर्टर जळंल की," हे म्हणाले.

मी ते ध्यानात ठेवलं. लाईट आली तर इन्व्हर्टर जळतो, म्हणून ग्रिप काढायची. एवढंच कारण ह्यांनी सांगितलं होतं, आणि एवढंच मला माहीत होतं. आमच्या जावयाचा जीव त्या अर्ध्या उत्तरावर टांगलेला होता, हे कुणाला ठाऊक?

जावई लाईनवर वायरमन. आमचा भाग त्याच्याच हद्दीत येतो. माणूस सरळ, कमी बोलणारा, मला "मामी" म्हणतो, मी त्याला "पावणं". पहिला धोंडा म्हणून लेक आदल्या दिवशीच आली होती. तेहतीस अनारसे करून ठेवले होते, पुरण शिजलं होतं, कणकेत पुरण भरून धोंडे वाफवायला लावायचे तेवढे बाकी होते. सकाळी पावण्यांचा फोन. "मामी, वाऱ्यानं चार जागी तारा तुटल्यात. येतोय, पन उशीर हुईल." मी म्हटलं, "धोंडा खायचा सोडून खांब खायचा हाय का आज?" तो नुसता हसला.

आणि अकराच्या सुमाराला आमच्या परसातल्या शेवग्याची फांदी मोडली. शेवगा म्हणजे आधीच ठिसूळ. हजारदा ह्यांना म्हटलं होतं, तोडा तो. ती फांदी नेमकी तारेवर पडली आणि शेवटच्या दोन खांबांमधली तार तुटून खाली आली. शेवटच्या खांबावरून लाईट फक्त दोन घरांना जाते, आमच्या आणि शेजाऱ्यांच्या, आणि शेजारी कुलूप लावून पुण्याला लेकाकडं. म्हणजे तार तुटली ती आमच्यासाठीच.

साडेबाराला पावणं आले ते गाडीला पिशवी अडकवून, घामानं निथळत. पाऊस थांबला होता आणि उकाडा असा, की अंगाला कापड चिकटत होतं. मी पाय धुवायला पाणी घेऊन पुढं झाले तर ते वर तारेकडं बघतायत.

"आदी लाईन, मग पान," म्हणाले.

"आवो पावणं, धोंड्याच्या दिवशी सासऱ्याच्या दारातला खांब चढता व्हय? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील लाईट आली."

ते डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, जाऊन आमच्या गल्लीची लाईन बंद करून आले. तुटलेल्या तारेचं आमच्या घराकडचं टोक चिखलात पडलं होतं. ते त्यांनी हातानं उचललं, उघड्या हातानं, पुसलं, दोरी बांधली. मग पट्टा बांधून शेवटून दुसऱ्या खांबावर चढले. मी खाली कमरेवर हात ठेवून उभी. वर गेल्यावर त्यांनी डीपीकडून येणाऱ्या तारेला काठीनं एक साखळी अडकवली. साखळीचं दुसरं टोक खाली जमिनीत ठोकलेल्या सळीला. कुणी चुकून करंट सोडलाच, तर तो माणसातून न जाता साखळीतून जमिनीत जावा, यासाठी ती असते. मग दोरी ओढून त्यांनी आमच्याकडचं टोक वर घेतलं आणि दोरीनंच खांबाला बांधून ठेवलं.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच, हा माणूस घामाघूम होऊन खाली येणार आणि सोप्यात पाटावर बसणार, आणि वर पंखा बंद. हे दही आणायला डेअरीत गेलेले, ते जगाच्या गप्पा मारून येणार. म्हटलं आपणच लावू की इन्व्हर्टर, त्यात काय एवढं!

घरात गेले. वायर काढली. ग्रिपपाशी हात गेला, खोटं कशाला बोलू, गेला. आणि मी डोकं चालवलं. म्हटलं, ग्रिप काढायची ती मध्येच लाईट येऊ नये म्हणून. लाईट सोडणारा तर आपलाच जावई, आणि तो वर बसलाय. तो काम उरकून खाली उतरून डीपीवर गेल्याशिवाय लाईट कशी येईल? मग ग्रिप काढायची गरजच काय? आपल्या हुशारीचं मला कौतुकसुद्धा वाटलं. एक पिन इन्व्हर्टरमध्ये घातली, एक प्लगमध्ये. पंखा घुंऽऽ करून फिरायला लागला.

"आई, आबांनी लावायचा असतोय न्हवं तो?" लेक स्वयंपाकघरातून ओरडली.

"का, रॉकेट सोडायचं हाय व्हय त्यात? तू धोंड्यांकडं बघ."

तांब्याभर पाणी घेऊन मी परत खांबाखाली. पावणं वर पकडीनं डीपीकडच्या तारेचं खराब टोक कापत होते. हात उघडेच.

"हातमोजं कुठं हाईत?" मी खालून.

"पिशवीत हाईत, मामी."

"पिशवीला करंट लागतोय व्हय? घाला आदी. लेक दिलीया आमी तुमाला. सांगू का तिला?"

"घालतो की," म्हणत त्यांनी मोजे काढले आणि चढवले. मग जरा थांबले. खाली माझ्याकडं बघितलं, पिशवीत हात घातला, आणखी एक साखळी काढली आणि तिचं एक टोक पहिलीला जोडलं. ती काठीला लावत होते, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आमचे हे सायकलवरून येताना दिसले. हँडलला दह्याची किटली.

हे दारापाशी आले आणि थांबले. घरातला घुंऽऽ ऐकू आला असणार. त्यांनी खिडकीतून फिरणारा पंखा बघितला. मग वर खांबाकडं बघितलं. मी इतकी वर्षं ह्या माणसाचं तोंड बघतेय, पण तसा चेहरा कधी बघितला नव्हता. सायकल हातातून सुटली, दही सगळ्या रस्त्यावर, आणि "हात लावू नगासा! पावणं, हात लावू नगासा!" असं बोंबलत हे घरात पळाले.

ते आत पोचायच्या आधीच पावण्यांनी काठी पुढं करून साखळी आमच्याकडच्या तारेला टेकवली. ज्या तारेत, सगळ्यांच्या समजुतीनं, काहीच नव्हतं.

डोळे दिपतील असा लखलखाट झाला. त्याच क्षणाला आमच्या घरात फाट् करून आवाज आला आणि पंखा थांबला.

मला काही म्हणता काही कळेना. वर बघायचं धाडस होईना. तांब्या कधी पडला ते कळलं नाही. मला फक्त माझ्या लेकीचं कुंकू दिसत होतं. कशीबशी हाक मारली, "पावणं!"

वरून काही नाही. मग खोकल्याचा आवाज.

"हाय मी, मामी. हाय."

देवाशप्पथ सांगते, आयुष्यात यापेक्षा गोड शब्द मी ऐकलेला नाही. खांबाला मिठी मारून बसला होता लेकरू, तोंड पांढरंफटक, पण हाय म्हणत होता.

हे बाहेर आले. हातात ती दोन्ही टोकांना पिनवाली वायर, तिला जळका वास. "ग्रिप कुठाय?" मला विचारलं.

"जागेवर हाय. लाईट येनार न्हवती म्हणून मी..."

हे आहे तिथं खाली बसले, सांडलेल्या दह्यात. "अगं, लाईट आत येती तशी भाईर बी जाती. आपल्या प्लगातनं मीटर, मीटरातनं तार, तारंतनं त्याच्या हातात." मग कपाळावर हात मारून म्हणाले, "तुला मी नुसतं इन्व्हर्टर जळंल म्हणून सांगितलं. मानूस मरंल हे सांगितलंच न्हाय. माझीच चूक."

बारा व्होल्टच्या, लोकांनी टाकून दिलेल्या बॅटऱ्या. आम्ही त्यांना बिचारी म्हणत होतो. त्याच पोळपाटावर त्यांचा करंट दोनशे तीसचा होऊन खांबावर गेला होता. थोड्याच वेळापूर्वी तीच तार पावण्यांनी उघड्या हातानं धरली होती. मी तेवढी आधी घरात गेले असते तर? हा हिशेब मी आजही पुरा करत नाही, मध्येच सोडून देते.

पावणं खाली उतरले. "इन्व्हर्टर कुनी लावलेला?" इतकंच विचारलं.

"मी," आमचे हे चटकन म्हणाले.

"खोटं बोलू नगासा," मी म्हटलं. "मी लावला, पावणं. मला मारा न्हाईतर काय बी करा."

ते सरळ घरात गेले, ग्रिप उपसली, स्वतःच्या खिशात घातली आणि परत खांबाकडं निघाले. मी नको नको म्हणत होते, राहू दे लाईट, आठ दिवस नको आम्हाला. पण चढलाच तो, आणि तार जोडूनच उतरला. नेहमीपेक्षा वेळ जास्त लागला एवढंच. तेवढा वेळ मी शेवग्याला धरून उभी होते आणि आमचे हे इन्व्हर्टरच्या चारी बॅटऱ्यांच्या वायरी सोडवून ठेवत होते, खरं तर तो आधीच जळून गेला होता तरी.

फाट् आवाज लेकीनं आतून ऐकला होता, पण धोंडे वाफेला लावून ती दारात आली तेव्हा पावणं तार जोडून उतरलेले. "काय झालं?"

"इन्व्हर्टर जळाला," हे म्हणाले. आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं आणि तिथंच ठरलं, न बोलता, की हिला यातलं काही कळू द्यायचं नाही.

पावण्यांनी डीपीवरून लाईन चालू केली, ग्रिप जागेवर बसवली, आणि दीड वाजता पान वाढलं. पाटाभोवती रांगोळी, वाणाचे तेहतीस अनारसे ताटात, वर खऱ्या लाईटवर गप फिरणारा पंखा. मी धोंड्यावर तूप ओतत होते आणि हात थांबेनात. वाटी रिकामी झाली तरी ओततच होते.

"बास की, मामी. बुडालं पान."

"खावा. आज बास म्हणायचं न्हाय," मी म्हटलं, आणि मग राहवेना. लेक आत वाफेचं भांडं उतरवत होती, म्हणून हळूच म्हटलं, "पावणं, ती दुसरी साखळी घातलीसा म्हणून वाचलासा. देवानंच बुद्दी दिली."

त्यांनी घास गिळला. "देवानं कुठलं? मी ती कदीच घालत न्हाय. डीपीकडची घातली की झालं. टोकाकडच्या मेलेल्या तारंला कोन घालतंय? कुनीच घालत न्हाय. तुमी खाली हुबा हुता. म्हटलं ह्या आता लेकीला सांगत्याल, म्हणून घातली."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. कधीच घालत नाही. म्हणजे बाकीच्या सगळ्या दिवशी, सगळ्या खांबांवर, नाही. तिथल्याही कुठल्या घरात कुणी अशीच वायर करून ठेवली नसेल कशावरून?

आणि मागं दारात भांडं आदळल्याचा आवाज आला. लेक. कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक.

"कदीच घालत न्हाईसा?" ती म्हणाली.

मग तिनं सगळं काढून घेतलं. आधी त्यांच्याकडून, मग आबांकडून, मग माझ्याकडून. आणि जी सुरू झाली! साखळी काय जड होती काय, पिशवीत काय शोभेला ठेवली होती काय, घरी मी वाट बघत बसते ती कुणाची, आणि आई, तुझं तर डोकं ठिकाणावर आहे का, आणि आबा, तुमचा तो पोळपाट उद्याच्या उद्या चुलीत. अर्धा तास. एरवी मी म्हटलं असतं, अगं बाई, जावई जेवायला बसलाय, लोक ऐकतील, गप बस. आज मी भिंतीला टेकून खाली बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायची इच्छा नव्हती.

पावणं मान खाली घालून तूप निथळणारा धोंडा मोडत होते. मी मनात म्हणत होते, बोल बाई. पोटभर बोल. ज्याला बोलायचं तो समोर जेवत बसलाय.